ऑसीच्या पेटीला लागलेली गोळी

१

ऑसी लुबकेच्या पेटीला कुणीतरी गोळी घातली होती, आणि ती चुकून लागलेली नव्हती.

नोरीन शिर्मर रविवारी सकाळी सव्वासातला यारिल्पा गावच्या पिस्तूल क्लबावर पोचली, ती चहाचं पाणी तापत ठेवायला. फाटकाला कुलूप होतं. तिनं आपल्या किल्लीनं ते उघडलं, गाडी आत घेतली, आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता सवयीनं नेमबाजीच्या रेंजकडे नजर टाकली. काल संध्याकाळी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली, गोळीचा वेग मोजायची पेटी उघडी दिसत होती.

ती जवळ गेली. पेटी तिवईवर जिथल्या तिथं होती. हिरवा रंग दिलेली, पातळ प्लायवूडची, हातभर लांब. नेमबाज उभे राहतात त्या बाजूच्या भिंतीत करंगळी जाईल एवढं भोक होतं, आणि मागच्या भिंतीत तसंच दुसरं, कडा फाटलेलं. मधल्या तारा बाहेर लोंबत होत्या. ताडपत्री मात्र बाजूला टोकाला टोक जुळवून घडी घालून ठेवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड.

नोरीननं आधी चहाचं पाणी ठेवलं. मग ऑसीला फोन केला.

ती स्वतः नेमबाज नव्हती. उभ्या आयुष्यात तिनं पिस्तूल हातात धरलं नव्हतं. एकतीस वर्षं तिनं सरकारच्या वजनमापं खात्यात नोकरी केली होती. पेट्रोलपंप लिटरला लिटर देतो का, खाटकाचा काटा ग्राहकाच्या बाजूनं आहे की खाटकाच्या, हे बघत ती सगळा उत्तरेकडचा गहूपट्टा फिरली होती. निवृत्तीनंतर नवऱ्यामुळे क्लबात आली, नवरा गेल्यावरही चहापुरती टिकली. कुणाच्या स्पर्धेत नाही, कुणाच्या गटात नाही, म्हणून काल भांडण पेटल्यावर कमिटीनं निवाड्याचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं.

आणि निवाडा ज्या पेटीवर व्हायचा होता, ती आता मेली होती.

२

भांडण असं होतं.

शनिवारी राज्याच्या संघाची निवड होती. जागा चार. या खेळात काडतूस एका ठरावीक जोराचं असावंच लागतं. काडतूस कमजोर असलं की पिस्तूल हातात कमी उसळतं आणि पुढची गोळी लवकर सुटते, म्हणजे ती सरळ लबाडीच. म्हणून प्रत्येकाच्या पट्ट्यातली आठ काडतुसं न सांगता काढून घेतात आणि त्यांतली चार पेटीवरून झाडायला लावतात. पेटीला दोन डोळे असतात, एक पुढच्या अर्ध्यात, एक मागच्या. गोळी वरून गेली की तिची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर. मधल्या वेळावरून पेटी वेग सांगते. वेगाला गोळीच्या वजनानं गुणलं की जोराचा आकडा येतो. तो एकशेपंचवीसच्या खाली गेला की दिवसभराचे गुण शून्य.

दुपारच्या जेवणानंतर कोरिन हॅड्रिकचा आकडा आला एकशेतेवीस पॉइंट आठ.

कोरिन क्लबातली सगळ्यात चांगली नेमबाज होती. गहू साठवायच्या कोठारावर नोकरी करायची, सहा फुटाला दोन बोटं कमी, बोलायला तुटक. सात वर्षं ती या संघाच्या दारात होती आणि त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर होती. आकडा ऐकून तिनं पिस्तूल कमरेच्या म्यानात ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की यंत्र चुकलंय, उरलेली चार काडतुसं पुन्हा मोजा. तोवर ऊन कललं होतं, आणि पेटीच्या डोळ्यांना भरपूर उजेड लागतो. ठरलं असं, की पेटी आहे तशी, आहे तिथं झाकून ठेवायची, कुणी हात लावायचा नाही, आणि रविवारी दहा वाजता फेरमोजणी. उरलेली काडतुसं पाकिटात घालून, त्यावर सह्या करून, कपाटात कुलपात ठेवली गेली.

कोरिन गळाल्यामुळे चौथ्या जागेवर चढला तो गॅव्हन टली, क्लबाचा कॅप्टन.

साडेआठपर्यंत कोरिन सोडून बहुतेक सगळे जमले. ऑसी पेटीभोवती एकदा फिरला. तो जुना वीजतंत्री. अकरा वर्षांपूर्वी ती पेटी त्यानं स्वतःच्या शेडमध्ये बसून बनवली होती. गॅव्हन म्हणाला, पोलिसांना बोलवायचं. गोळी कुणी झाडली हे सगळ्यांना दिसतंय, आपण नाव घेत नाही एवढंच. जिला शून्य मिळालं तिनंच राग काढला. असं सिद्ध झालं तर संघ राहू दे, तिचा परवानाही जाईल.

"पोलिस येऊ देत," नोरीन म्हणाली, "पण तीन वाजता. मला तोवर वेळ दे."

"तोवर तू काय करणार?"

"तू काय सांगतोस ते ऐकणार. चहा घे आणि बस."

३

फाटकाच्या किल्ल्या पाच होत्या. नोरीनची सोडली तर एक गॅव्हनकडे, एक ऑसीकडे, एक सेक्रेटरी क्लेम पास्कोकडे, आणि एक लायल हॅड्रिककडे. लायल म्हणजे कोरिनचा बाप. तो रेंजवरचं गवत कापायचा. त्याची किल्ली घरात खुंटीला असायची, म्हणजे ती कोरिनचीही.

गॅव्हन ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा आणि बोलतानाही काहीतरी विकत असल्यासारखा बोलायचा. तो म्हणाला, मला फेरमोजणीची भीती कशाला असेल? पेटी बरोबर होती. दहा वाजता तेच पुन्हा दिसलं असतं, आणि माझ्या जागेवर कुणी बोट ठेवलं नसतं. आता मात्र लोक जन्मभर म्हणणार, गॅव्हन मागच्या दारानं आला. गोळीनं नुकसान कुणाचं झालं असेल तर माझंच. नोरीनला तो आवडत नसे, पण बोलणं तिला पटलं.

क्लेम पास्को चाकाच्या खुर्चीत बसून गुणांच्या चिठ्ठ्या लावत होता. वीस वर्षांपूर्वी पेरणी यंत्राखाली त्याचे पाय गेले. नेमबाजी तो खुर्चीतूनच करतो, आणि त्याच्या सोयीसाठी पेटीची तिवई दिवसभर सगळ्यांनाच बुटकी ठेवतात. उभे राहणारे हात जरा खाली घेतात, तेवढंच. त्यानं कालचा मोजणीचा कागद नोरीनपुढे सरकवला.

"हे बघ. माझी पाळी कोरिनच्या आधी दहा मिनिटं. माझा आकडा एकशेतीस. गेली चार वर्षं माझा आकडा एकशेतीस-एकतीसच येतो. तीच पेटी, तेच ऊन. माझ्यासाठी बरोबर आणि दहा मिनिटांनी तिच्यासाठी चूक, असं कसं?" मग तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "मला पोरगी आवडते, नोरीन. पण आकडा तो आकडा."

ऑसीचं म्हणणं सगळ्यात लहान होतं. पेटीत बॅटरी सकाळीच नवी घातली होती. नेमबाजाची जागा पेटीपासून तीन मीटरवर दोरीनं आखलेली होती, कारण फार जवळून झाडलं तर पिस्तुलाच्या तोंडाचा धूर आणि धक्का डोळ्यांना फसवतो. दोन्ही डोळ्यांवर पांढरे पडदे होते, म्हणजे ऊन एकावर कडक आणि एकावर मऊ पडायचा प्रश्न नव्हता. जेवणाच्या वेळी उत्तरेचा धुळीचा वारा सुटला तेव्हा त्यानं पेटी दुमडून आत नेली होती आणि अर्ध्या तासानं पुन्हा मांडली होती. त्याच तिवईवर, त्याच खुणेवर.

"पेटी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "दहा वाजता मी ते सगळ्यांना दाखवणार होतो."

नोरीननं वहीत लिहिलं. तिघांपैकी कुणालाही फेरमोजणी थांबवायची नव्हती. थांबवून फायदा एकीचाच होता असं वरवर दिसत होतं, आणि ती एकटीच त्या सकाळी अजून आली नव्हती.

४

हॅड्रिकांचं घर गावाबाहेर, मेंढ्यांच्या कुरणाला लागून. कोरिन व्हरांड्यातच भेटली. पेटीचं कळल्यावर ती कठड्याला टेकली.

"म्हणजे माझी चार काडतुसं आता मोजणार कशावर?" तिनं विचारलं. तिला पहिला प्रश्न हाच पडला, हे नोरीननं नोंदवून ठेवलं.

"लोक म्हणतात तूच केलंस."

"लोकांना म्हणावं, मला पेटी जिवंत हवी होती. दहा वाजेपर्यंत तरी. नंतर मी तिच्यावरून ट्रॅक्टर घातला असता."

लायलनं चहा आणला. तो सत्तरीचा, सुतारकीतून निवृत्त झालेला माणूस. त्याचा शर्ट स्वच्छ आणि कडक इस्त्रीचा होता. कपात चहा ओतताना त्यानं एक बोट कपाच्या कडेला आत वाकवून धरलं होतं. चहा बोटाला लागला तसा तो थांबला. बिस्किटांची बशी टेबलावर ठेवताना आधी हातानं टेबलाची कड चाचपली. कोरिन त्या वेळी रस्त्याकडे बघत होती.

सकाळी कुठं होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला, पाचला उठलो, मेंढ्यांच्या पाण्याचं टाकं बघून आलो. टाकं क्लबाच्या वाटेवरच होतं. त्यानं ते लपवलं नाही.

कोरिनची काडतुसं तो भरायचा, ती तेरा वर्षांची असल्यापासून. प्रत्येक रिकाम्या पितळी कवचात बंदुकीची दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. लोक विकतची काडतुसं वापरतात, कोरिन वापरत नसे. नोरीननं विचारलं, यंत्र चुकलं असेल असं तुला वाटतं का?

"नाही," लायल म्हणाला. "ऑसीची पेटी अकरा वर्षांत चुकलेली नाही."

"डॅड, तू कुणाच्या बाजूनं आहेस?" कोरिन म्हणाली.

लायल कप गोळा करून आत गेला.

नोरीननं त्याची शेड बघायला मागितली. भिंतीवर हत्यारं आकारानं लावलेली, खाली भरणीचं बाक. तराजू जुन्या पद्धतीचा, दांडीचा, पट्टीवर केसाएवढ्या रेघा असलेला. बाकावर दोन भिंगं होती, एक दुसऱ्यापेक्षा जाड. दोन दिवे. त्यातला एक नवा, अजून खोक्याची चिठ्ठी चिकटलेली. नोरीनच्या गाडीत अजूनही जुन्या नोकरीतली वजनांची डबी असते. तिनं तराजू तपासला. निवडीसाठी भरलेल्यांतल्या उरलेल्या एका काडतुसाची गोळी उपसून त्यातली दारू तोलली. मग आणखी दोन. लायल दारात उभा राहून बघत होता. म्हणजे, तोंड त्या दिशेला होतं.

ती काही न सांगता निघाली. तिन्ही काडतुसांतली दारू, लायलच्या भरणीच्या नोंदीशी ताडून बघितली तर, तंतोतंत होती.

मग कालचा आकडा खोटा होता. आणि क्लेमचा आकडा खरा होता. दोन्ही एकाच पेटीचे, दहा मिनिटांच्या अंतरानं.

५

क्लबात परत आल्यावर तिनं क्लेमकडून वर्षभराचे मोजणीचे कागद मागून घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं. खाटकाचा काटा तपासताना ती एक गोष्ट नेहमी करायची. काटा कुणासाठी चुकतो हे बघण्याआधी तो कुणासाठी चुकत नाही हे बघायचं. चूक सगळ्यांना सारखी असेल तर दोष यंत्राच्या पोटात असतो. काहींनाच असेल तर त्या काहींमध्ये काहीतरी सारखं असतं.

तिनं प्रत्येक नेमबाजाचा नेहमीचा आकडा लिहिला आणि शेजारी कालचा. जेवणाआधी ज्यांची पाळी झाली ते सगळे नेहमीसारखे. जेवणानंतर सात जण होते. त्यातले सहा घसरले होते, शंभराला तीन-चारनं. एकशेसदतीसवाल्याचा एकशेबत्तीस झाला होता, एकशेचाळीसचा एकशेपस्तीस. पण कोरिन सोडून बाकीचे उंबरठ्याच्या बरेच वर होते, म्हणून पास झाले आणि कुणी लक्ष दिलं नाही. कोरिन नेहमी एकशेएकोणतीसवर असायची, मुद्दाम, कारण नेमका हिशेब हीच तिची ताकद. ती एकटी खाली गेली.

सातवा क्लेम. तो जेमतेम एकानं हलला होता.

बॅटरी उतरली असती तर क्लेमही घसरला असता. ऊन फिरलं असतं तरी. दोरी सरकली असती तरी. मग क्लेममध्ये वेगळं काय? नोरीननं पेन खाली ठेवलं. उत्तर इतकं डोळ्यांसमोर होतं की ते कुणाला दिसलंच नव्हतं. क्लेम बसून गोळी झाडतो. त्याची गोळी पेटीच्या पाठीला जवळजवळ घासून जाते. बाकीच्यांची वीतभर वरून.

ती ऑसीला घेऊन पेटीपाशी गेली. पेटी तिवईवरच होती. हात न लावता, ती घडी कशी होते ते सांग, असं ती म्हणाली. ऑसीनं सांगितलं. पेटीचे दोन भाग मध्ये बिजागरीनं जोडलेले. उघडून तिवईवर ठेवली की खालून एक पट्टी सरकवून खटक्यात बसवायची, म्हणजे दोन्ही अर्धे ताठ राहतात.

"आणि नाही बसवली तर?"

"तर दोन्ही टोकं खाली झुकतील. थोडीच. बिजागरी घट्ट आहे." बोलता बोलता त्याचा आवाज मंदावला.

नोरीननं साफसफाईच्या खोलीतून पिस्तुलाची नळी पुसायची पितळी काठी आणली होती. गोळी पेटीत लांबीनं शिरली होती. पुढची भिंत, बिजागरीजवळच्या दोन भिंती आणि मागची, अशी चार भोकं पाडून बाहेर पडली होती. तिनं ऑसीला दोन्ही अर्धे हातानं सरळ रेषेत धरायला सांगितलं आणि काठी घातली. काठी मधल्या भिंतीवर अडली. मग टोकं सोडून दे म्हणाली. ऑसीनं हात काढले. दोन्ही टोकं अर्ध्या बोटानं खाली आली, आणि काठी चारही भोकांतून सरळ पलीकडे निघाली.

ऑसी गुडघ्यावर बसला. पेटीखाली वाकून बघितलं. पट्टी बाहेरच होती. खटक्यात लाल धूळ भरली होती.

"टोकं झुकली की दोन्ही डोळे एकमेकांपासून फाकून बघतात," तो हळूहळू म्हणाला, स्वतःलाच समजावल्यासारखा. "पाठीजवळ अंतर तेवढंच राहतं. पण वर जाल तसं वाढतं. गोळीला जास्त अंतर कापावं लागतं, वेळ जास्त लागतो, आणि पेटी समजते गोळी मंद आहे." तो उठला नाही. "काल दुपारी ही मीच मांडली. पट्टी बसवली असं मला पक्कं आठवत होतं."

नोरीन त्याच्या शेजारी थांबली. ऑसीनं शून्याचा निकाल सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात वाचला होता.

"शेजारच्या क्लबाचं यंत्र तासाभरात आणता येईल का?" तिनं विचारलं.

ऑसी गाडीकडे चालू लागला. दहा पावलांवर तो वळला. "गोळी कुणी घातली?"

"ते आता कळलं मला," नोरीन म्हणाली, "आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं."

६

तीन वाजता सगळे रेंजवर होते. आणलेलं यंत्र ऑसीनं मांडलं. बुडबुड्याच्या लेव्हलपट्टीनं सपाट केलं, दोरीनं तीन मीटर मोजले, पडदे लावले, आणि प्रत्येक गोष्ट करताना मोठ्यानं सांगितली, शाळकरी मुलासारखी. पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. काडतुसं सकाळपासून कोंबट खोलीतच होती, उन्हात तापून वेग वाढला असं म्हणायला कुणाला जागा नको म्हणून नोरीननं त्यांना उन्हात येऊ दिलं नव्हतं. आधी क्लेमनं खुर्चीतून चार झाडल्या, मग गॅव्हननं उभ्यानं चार. दोघांचे आकडे नेहमीचे आले. म्हणजे यंत्राला उंचीचं काही पडलेलं नव्हतं.

मग कोरिननं झाडल्या. ऑसीनं गुणाकार केला, दुसऱ्यांदा केला, आणि वाचला.

"एकशेअठ्ठावीस पॉइंट नऊ."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गॅव्हननं टोपी काढून कपाळ पुसलं. लायल हॅड्रिक स्वयंपाकघराच्या पायरीवर उभा होता, तो खाली बसला.

ऑसीनं पट्टीचं सगळं स्वतःच सांगितलं, एकही शब्द गिळला नाही. ते संपल्यावर गॅव्हन म्हणाला, मग गोळीही ऑसीनंच घातली, नाही का? चूक लक्षात आली, आब गेला असता, म्हणून.

"नाही," नोरीन म्हणाली. "ज्याला पट्टीचं कळलं होतं त्याला गोळीची गरजच नव्हती. त्यानं खाली हात घालून पट्टी बसवली असती आणि घरी गेला असता. कुणाला काही कळलं नसतं. पण गोळी शिरली तेव्हा पेटी झुकलेलीच होती, हे भोकं सांगतात. म्हणजे झाडणाऱ्याला पेटीत खोट आहे हे माहीतच नव्हतं. त्याला पेटी बरोबर आहे असं वाटत होतं."

 पुढचं तिला सांगावंसं वाटत नव्हतं.

"कोरिनला वाटत होतं पेटी चुकली, म्हणून तिला मोजणी हवी होती. ऑसीला वाटत होतं पेटी बरोबर आहे, त्याला ती सिद्ध करायला हवी होती. गॅव्हन, तुलाही. क्लेमला आपला कागद खरा ठरायला हवा होता. मोजणी नको कुणाला होती? ज्याला पेटी खरी वाटत होती आणि तरी ती खरी ठरणं सोसलं नसतं, त्याला. आणि ते रागानं केलेलं नाही. रागावलेला माणूस ताडपत्रीची घडी घालत नाही."

 बांधावर गुलाबी काकाकुव्यांचा थवा उतरला आणि कुणीतरी खोकल्यावर पुन्हा उडाला.

"मी," लायल म्हणाला.

कोरिन वळली.

त्यानं पायरीवर बसूनच सांगितलं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय हे त्याला वर्षभर माहीत होतं. डॉक्टरनं शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, ती त्यानं दोनदा पुढे ढकलली, कारण मध्ये निवडीचा हंगाम येत होता आणि काडतुसं दुसरं कोण भरणार? तराजूच्या रेघा त्याला दुहेरी दिसायच्या. जाड भिंग आणलं, दिवा आणला. प्रत्येक काडतुसाची दारू तीन तीन वेळा तोलायचा. काल आकडा ऐकला तेव्हा त्याला वाटलं, झालं. सात वर्षं ती जिथं पोचायची धडपड करत होती, तिथं तिला आपल्या हातानं अडवलं. फेरमोजणीत तेच पुन्हा निघालं असतं, आणि मग कुणी विचारलं असतं काडतुसं भरली कुणी. पेटीच नसेल तर निदान शंका उरली असती. तिच्या बाजूची शंका.

"शेडमध्ये तुझी तीन काडतुसं मी तोलली," नोरीन म्हणाली. "केसाचाही फरक नव्हता, लायल. तू काही न करता घरी बसला असतास तरी कागद बघताना ती पट्टी मला सापडलीच असती."

"हो," लायल म्हणाला. "ते आता कळतंय."

गॅव्हननं पोलिसांना फोन केला नाही. लायल स्वतःच दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जाऊन सगळं सांगून आला. त्याचा परवाना वर्षभरासाठी गेला, त्याचं पिस्तूल जमा झालं, आणि क्लबानं तेवढीच बंदी घातली. गॅव्हन पाचव्या जागेवर परत गेला. राखीव म्हणून त्याचं नाव ठेवायचं कोरिननं सुचवलं. त्यावर तो म्हणाला, उपकार नकोत, पण राहू दे.

ऑसीनं दुसरी पेटी बांधायला घेतली. या वेळी अखंड, बिजागरीशिवाय.

राष्ट्रीय स्पर्धेला तीन आठवडे होते तेव्हा नोरीन एका दुपारी हॅड्रिकांकडे गेली. शेडचं दार उघडं होतं. बाकावर कोरिन बसली होती, तराजूवर वाकून, जीभ दातांत धरून. लायल समोर स्टुलावर, एक डोळा शस्त्रक्रियेनं बरा झालेला, दुसऱ्यावर अजून पांढरी पट्टी, हात मांडीवर घट्ट धरलेले. काडतुसाला हात लावायची त्याला आता मनाई होती. बसायची नव्हती.

कोरिन त्याच्यावर अजून रागावलेली होती, आणि पेटीसाठी नव्हे. नोरीन आत शिरताना ते चाललंच होतं.

"मला विचारायचं होतंस," कोरिन म्हणत होती. "एकदा. कोरिन, जरा या रेघा वाच, एवढंच. एका फळीच्या डब्यावर विश्वास ठेवलास आणि माझ्यावर नाही."

"तुझ्यावर होता," लायल म्हणाला. "माझ्यावर नव्हता."

कोरिननं चमच्यानं दारूचा एक कण उचलला, पारड्यात टाकला. दांडी हलली, थांबली.

"किती?" लायलनं विचारलं.

"ये इकडे," ती म्हणाली आणि स्टूल पायानं जवळ ओढलं. "चांगल्या डोळ्यानं बघ आणि तूच सांग."